रामकुंडावर लेन्स खाली ठेव

तू नाशिकच्या ओझर विमानतळाबाहेर काढलेले नटनट्यांचे फोटो पाहिले. फोकस नेमका आहे, आणि समोरच्याला माहीत आहे की कॅमेरा आहे. तिथून काम सुरू केलंस हे चांगलं.

आता नाशिकची अडचण ऐक. इथे नटनट्या प्रमोशनला कमी आणि देवाधर्माला जास्त येतात. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधी करायला आलेला माणूस, कुशावर्त कुंडातून ओल्या कपड्यांनी बाहेर येणारी बाई, रामकुंडावर बापाच्या अस्थी सोडणारा मुलगा, हे सगळे उघड्यावर असतात. म्हणून ते आपल्यासाठी उभे आहेत असं नाही. रस्ता सार्वजनिक आहे, दुःख नाही. दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स हातात आली की हा फरक पटकन विसरला जातो, म्हणून आत्ताच सांगतोय.

2023 मध्ये आलिया भट तिच्या घरात बसलेली असताना शेजारच्या इमारतीवरून तिचे फोटो काढले गेले. तसं कधीही करू नकोस. 2017 च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे, तो प्रसिद्ध माणसांनाही आहे.

लहान मुलांचे चेहरे आईबापांनी हो म्हटल्याशिवाय देऊ नकोस. गाडीचा पाठलाग तर नाहीच. 1997 ला पॅरिसमध्ये ब्रिटनची राजकुमारी डायना गाडीच्या अपघातात गेली तेव्हा फोटोग्राफर मागावरच होते.

फोटो एजन्सीवाला ओरडला तर माझा नंबर दे, मी बोलतो त्याच्याशी. आणि कुणी नट-नटी दर्शन घेऊन बाहेर आली की सरळ विचार, "एक फोटो घेऊ का?" बरेच जण थांबतात.