होस्टिंग घेताना बाहेर पडायची वाट आधी बघा

घोडबंदर रोडवरच्या पोळीभाजी केंद्राचं ऑर्डर-ॲप कुठे टाकायचं, यावर फार दिवस घालवू नका; उद्या होस्टिंग कंपनी बदलता येईल, एवढं बघा. गिट पुश केलं, म्हणजे कोड पाठवला, की ॲप चालू, हे हेरोकू या होस्टिंग सेवेचं एके काळी अप्रूप होतं. २०१३ साली डॉकर, म्हणजे ॲप सगळ्या सामानासकट एका डब्यात (कंटेनरमध्ये) भरायचं साधन, आलं आणि हळूहळू ही सोय सगळीकडे मिळू लागली. म्हणून डॉकरफाइल, म्हणजे हा डबा कसा भरायचा याची कृती, पहिल्याच दिवशी लिहा. पोर्ट (ॲप ज्या क्रमांकावर विनंत्या घेतं तो) कोडमध्ये कायमचा लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमधून घ्या, आणि ॲप ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकू द्या. लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त कंटेनरच्या आतल्या पत्त्यावर ठेवलंत तर कंटेनर चालू दिसतो, पण बाहेरून पान उघडत नाही. नवशिके हमखास इथेच अडकतात! अपलोड झालेले फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइलींच्या वेगळ्या ऑनलाइन साठ्यात. कंटेनरच्या डिस्कवरचे नवा कंटेनर सुरू झाला की जातात.

खरी अडकवणूक डेटाबेसची. साधं पोस्टग्रेस (कुठेही मिळणारा मुक्त डेटाबेस) घ्या, दर आठवड्याला पीजी-डंप, म्हणजे त्याची पूर्ण प्रत काढा आणि तो लॅपटॉपवर रीस्टोर करून बघा. न तपासलेला बॅकअप धरूच नका. ॲप आणि डेटाबेस दोन्ही मुंबई रीजनमध्येच हवेत. डेटाबेस सिंगापूरला राहिला आणि एका फेरीला ६० मिलिसेकंद लागले, तर डेटाबेसला एकामागोमाग २० क्वेऱ्या (विचारणा) करणारं पान १.२ सेकंद रखडतं. फुकट प्लॅनवर भिस्त नको, हेरोकूने तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला. यापुढे निव्वळ ॲप चालवून देण्याला वेगळा भाव उरणार नाही. पैसे मोजाल ते डेटाबेस, लॉग (ॲपच्या कामाच्या नोंदी) आणि बाहेर जाणाऱ्या डेटासाठी. दरपत्रकात आधी तेच रकाने वाचा.