काळे पडलेले रुपये घासण्यापूर्वी

तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना. आजीच्या पत्र्याच्या डब्यात चांदीचे एकोणीस रुपये सापडले, त्यांतले बहुतेक काळे पडले आहेत, दोन रुपयांना गळ्यातल्या माळेसाठी कड्या बसवलेल्या आहेत, गावातल्या सराफाने सगळे एकत्र तोलून मोडीचा भाव सांगितला आणि मामा म्हणतात की चिंचेच्या कोळाने व रांगोळीने घासून लखलखीत केले तर गिऱ्हाईक जास्त देईल, असे तुम्ही लिहिले आहे. सोळा वर्षांपूर्वी माझ्यासमोर असाच एक डबा होता, घरातून असाच सल्ला मिळाला होता आणि मी तो मानला होता. म्हणून पहिली विनंती एवढीच, की मामांना आजच थांबवा. विकायचे की ठेवायचे हे सहा महिन्यांनीही ठरवता येईल, पण एकदा घासलेला पृष्ठभाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मी व्यापारी नाही आणि मूल्यमापनाचा अधिकृत जाणकारही नाही. हौसेने जमवणारा माणूस आहे, त्यामुळे खाली लिहिलेले अनुभवाचे समजावे आणि विक्रीचा निर्णय नाणी प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणाऱ्या किमान दोन माणसांना विचारूनच घ्यावा.

आमच्या डब्यात पंचम जॉर्जचे 1911 सालचे दोन रुपये होते. या नाण्याची हकीकत तुम्ही ऐकली असेल. राजाच्या अंगरख्यावरच्या मानचिन्हात एक अगदी लहान हत्ती आहे, पण त्याची सोंड आखूड आणि पाय तोकडे उमटल्यामुळे तो लोकांना डुकरासारखा वाटला, त्यावरून नाराजी पसरली आणि 1912 पासून स्पष्ट सोंडेचा हत्ती असलेला नवा ठसा वापरात आला. सुमारे 94 लाख रुपये पाडून झाले होते, त्यांपैकी सुमारे 7 लाखच बाहेर गेले आणि उरलेले वितळवले गेले, असे या नाण्याबद्दल नेहमी सांगितले जाते. म्हणूनच संग्राहक 1911 साल मुद्दाम शोधतात, आणि नाणे हातात आले की भिंगातून सर्वांत आधी तो हत्ती पाहतात.

आमच्या दोन रुपयांपैकी एक बराच वापरलेला होता. राजाच्या मुकुटावरची नक्षी सपाट झाली होती आणि रंग राखाडी होता. दुसरा जवळजवळ न वापरलेला होता, पण कागदात गुंडाळून ठेवल्यामुळे त्याच्यावर निळसर काळा थर चढला होता आणि कडेला तांबूस छटा आली होती. चांगला रुपया घाणेरडा दिसतो म्हणून मी नेमका तोच घासायला घेतला. आधी चिंच, मग दंतमंजन, शेवटी मऊ फडके. अर्ध्या तासात तो आरशासारखा चमकू लागला आणि घरच्या सगळ्यांनी कौतुक केले.

त्या अर्ध्या तासात काय झाले ते मला पुढे एका वयस्कर संग्राहकांनी समजावले. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीवर जो सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, तो बाहेरून चिकटलेला मळ नसतो. त्यातली चांदी नाण्याचीच असते, त्यामुळे थर खरवडला की नाण्याचा पृष्ठभागही त्याच्यासोबत जातो. टांकसाळीत ठसा जोराने दाबला जातो तेव्हा धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरके करून फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी जी तकाकी फिरताना दिसते, ती या रेषांमुळे. दंतमंजनाच्या कणांनी त्या रेषा पुसल्या आणि त्यांच्या जागी सगळीकडे आडव्यातिडव्या केसाएवढ्या ओरखड्यांचे जाळे तयार केले. चमक आली, पण ती भांड्याची चमक होती. उठावाच्या जागा सर्वांत आधी घासल्या जातात, त्यामुळे ज्या हत्तीसाठी माणसे हे नाणे घेतात त्याच्या पाठीची आणि पायांची धारही बोथट झाली.

पुढे दोन्ही रुपये एकाच दिवशी एकाच प्रदर्शनात तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवले. तिघांनीही झिजलेल्या, हात न लावलेल्या राखाडी रुपयाला घासलेल्या रुपयाच्या दुपटीहून जास्त भाव सांगितला. तिघांपैकी एकाने घासलेला रुपया हातात घेऊन विचारले की हा तुम्ही स्वतः साफ केला का, आणि मी हो म्हटल्यावर तो न बोलता परत ठेवला. न घासता राहिला असता तर त्याला काय मिळाले असते, हे त्याच दुकानात शेजारच्या कप्प्यात ठेवलेल्या तशाच काळसर रुपयाच्या किमतीवरून मला कळले. तो आकडा मी येथे लिहीत नाही, कारण भाव बदलतात आणि जुना आकडा वाचून तुमची अपेक्षा चुकीच्या जागी अडकेल. पण सोळा वर्षे झाली तरी तो माझ्या लक्षात आहे.

अस्सल या शब्दाचे बाजारात दोन अर्थ आहेत आणि किंमत दोन्हींवर ठरते. नाणे बनावट नाही हा एक अर्थ, आणि टांकसाळीतून निघाल्यावर काळाने जे केले त्यापलीकडे त्याच्यावर कुणी काही केलेले नाही हा दुसरा. घरचे लोक पहिल्याची काळजी करतात, अनुभवी गिऱ्हाईक दुसऱ्यासाठी पैसे मोजते. नाणी तपासून बंद डबीत सील करून देणाऱ्या परदेशी संस्था 70 गुणांच्या मापावर दर्जा देतात, पण नाणे घासलेले असेल तर गुणांचा आकडा न देता तसा शेरा लिहितात आणि तो शेरा त्या नाण्याबरोबर कायम राहतो. सगळाच काळेपणा चांगला असतो असे मात्र नाही. गंधकाचा धूर देऊन मुद्दाम रंग चढवलेली नाणीही विकली जातात, आणि थर फार जाड झाला तर त्याखालचा पृष्ठभाग खडबडीत होतो.

नाण्यांवर हिरवट चिकट थर असेल तर तो बहुधा प्लास्टिकच्या पाकिटाचा असतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न चोळता काढता येतो. नेलपॉलिश काढायचे द्रावण वापरू नका, त्यात इतर पदार्थ असतात. खोली हवेशीर ठेवा आणि जवळपास ज्योत नको. त्यानंतर नाणी फक्त कडेने धरा आणि रबरबँड, लोकर व वर्तमानपत्र यांपासून दूर ठेवा.

कड्या बसवलेल्या दोन रुपयांबद्दल माझे मत थोडे आग्रहाचे आहे, पटले नाही तर सोडून द्या. कडी काढून झाळ घासायला कुणाला देऊ नका. झाळीच्या उष्णतेने धातूचा रंग बदलतो, कडेचे दाते तेवढ्या जागी भरून जातात आणि कडी काढल्यावर तिथे जो गुळगुळीत डाग राहतो तो संग्राहकाला बोटानेही कळतो. कडीसह तो आजीचा दागिना आहे, कडीविना ते फक्त बिघडलेले नाणे होईल.

सराफाने वजनावर भाव सांगितला, त्यात त्याची लबाडी असेलच असे नाही, कारण तो धातू विकत घेतो. 11.66 ग्रॅमच्या जुन्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी असते, आणि खूप झिजलेल्या सामान्य सालांच्या रुपयाला त्याहून फारसे मिळतही नाही. 1940 ते 1945 सालांच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच आहे, ते वेगळे काढा. 1939 चा रुपया दुर्मीळ असल्यामुळे आकडा कोरून बदललेली नाणी फिरतात. त्यासाठी घरी एक तपासणी करता येते. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका. जुन्या मिश्रणाच्या रुपयाला काटा सुमारे 1.13 दाखवतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे 1.22. ही तपासणी धातू सांगते, नाणे टांकसाळीतले आहे हे सिद्ध करत नाही. ओतीव नकलेच्या कडेला जोडाची रेघ आणि मोकळ्या जागेत बुडबुड्यांचे खड्डे दिसतात का तेही पाहा. डब्यात रामदरबार कोरलेले, 1818 साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेले काही निघाले तर ते कंपनीचे नाणे नाही, त्याच्यासाठी कुणी लाखांचा भाव सांगितला तरी विश्वास ठेवू नका.

घासलेल्या रुपयानंतर माझी दुसरी हानी एका लिलाव कंपनीच्या कार्यालयात झाली, त्याचे नाव येथे घेणार नाही. मी सात रुपये मूल्यमापनासाठी दिले, पावतीवर त्यांनी फक्त 'चांदीची नाणी, नग 7' असे लिहिले आणि मी सही केली. चार महिने दूरध्वनीवर दर वेळी वेगळा माणूस वेगळे उत्तर देत होता. शेवटी नाणी परत आली तेव्हा त्यांतल्या एका राणीछाप रुपयाच्या गालावर नवा ओरखडा होता, आणि तो आधी नव्हता हे दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हते. कार्यालयाने पावतीकडे बोट दाखवले आणि विषय संपवला. म्हणून नाणे हाताबाहेर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, प्रत्येकाचे वजन लिहा, आणि पावतीवर साल, राजा किंवा राणी, टांकसाळीचे चिन्ह व दिसणारा प्रत्येक दोष लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. समोरचा कंटाळला तरी चालेल.

नाणी अमेरिकेतल्या भावाकडे पाठवून दर्जा ठरवून घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे. पाठवू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. जुनी नाणी विकून देतो, आधी कमिशन किंवा कर भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी सांगितले तर तो फसवणुकीचा प्रकार आहे. बँकेने 2021 मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. नाशिकच्या बाजूला जाणे झाले तर अंजनेरी येथील नाणेशास्त्र संस्थेचे संग्रहालय जरूर पाहा. चांगल्या स्थितीतले नाणे कसे दिसते हे डोळ्यांत एकदा बसले की आपल्या डब्यातले काय आहे ते बरेचसे आपोआप कळते.

तुमच्या यादीत 1862 चे चार रुपये आहेत. ते साल 1874 पर्यंत तसेच ठेवून रुपये पाडले जात होते, त्यामुळे निव्वळ सालावरून त्यांची किंमत सांगता येत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, त्या चारही रुपयांच्या मागच्या बाजूचे फोटो येथे टाका. सालाखाली आणि 'ONE' या शब्दाच्या वरच्या बाजूला बारीक ठिपके आहेत का, आणि असतील तर किती, ते मोजून आपण एकेकाचा प्रकार ठरवू.