लाकडी फर्निचरच्या कारखान्यात सॅम्पल विभागात नेमकं काय काम असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंटिरिअरचा डिप्लोमा झालाय, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका फर्निचर कारखान्यातून सॅम्पल विभागासाठी बोलावणं आलंय. सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतात, मग नमुना बनवत बसायची गरज काय आणि त्यात शिकण्यासारखं काय असणार? मी बडोद्यातच अशाच एका विभागात अकरा वर्षं काम करते. शिकण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त तिथे सुबक वस्तू बनवायला शिकतात असं समजून जाऊ नका, कारण कामाचा तो भाग लहान आहे.

ड्रॉइंगमधली ४०० मिलिमीटर रुंद फळी बाराही महिने ४०० मिलिमीटरच राहते. खरी फळी राहत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आक्रसतं. लांबीत हा फरक जवळपास नसतोच, रुंदीत मात्र चांगला जाणवतो, आणि फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर तो कमीजास्त होतो. सागाचं सांगायचं तर वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारा आकस हा गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या दुपटीहून जास्त असतो.

मला हे कळलं ते एका सेंटर टेबलमुळे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. परदेशी गिऱ्हाइकासाठी सागाचा नमुना करायचा होता, महिना ऑगस्टचा. फळ्या भट्टीतून सुकवून आणलेल्या होत्या, पण नंतर तीन आठवडे उघड्या शेडमध्ये पडून राहिल्या. बाहेर पाऊस, हवा दमट. ओलावा मोजायचा मीटर लावून पाहिलं नाही, ती चूक माझी. वरचा पाट ४०० मिलिमीटर रुंद होता आणि तो खालच्या चौकटीला सरळ स्क्रूने आवळून टाकला. टेबल देखणं झालं, मंजूरही झालं. जानेवारीत तिकडून फोटो आला: पाटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. त्यांच्या शोरूममध्ये हिवाळाभर हीटर चालू, हवा कोरडी ठणठणीत.

मग हिशोब मांडला. साग ओलाव्याच्या दर एका टक्क्याला वाढीच्या वलयांच्या दिशेने अंदाजे ०.१९ टक्के आकसतो. पाट इथून निघाला तेव्हा ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास असणार, तिथे तो ८ वर आला. सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे ४०० मिलिमीटरमागे साधारण साडेचार मिलिमीटर. पाटाला तेवढं आत यायचं होतं आणि आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी स्क्रूने धरून ठेवलं होतं. फाटणारच तो. आता आम्ही चौकटीला खाच पाडून त्यात लाकडी गुटके बसवतो. गुटका पाटाला स्क्रूने पक्का असतो, खाचेत मात्र सरकतो. पाट हवा तसा हलतो, जागचा उचलला जात नाही. आणि प्रत्येक नमुन्याच्या पाठीमागे पेन्सिलने तारीख आणि ओलाव्याचा आकडा लिहायचाच, हा नियम मी तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही.

मीटरवर शंका आली तर जुनी पद्धत अजून सगळ्यात भरवशाची. छोटा तुकडा कापून वजन करायचा, १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा आणि पुन्हा वजन करायचं. ११२ ग्रॅमचा १०० झाला तर ओलावा १२ टक्के. भागायचं ते कोरड्या वजनाने, नवीन मुलं इथे हमखास चुकतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची. नमुना बहुतेक वेळा विभागातल्या सगळ्यात हुशार मिस्त्रीच्या हाती जातो. आमच्याकडे एक सुथारकाका होते. एकदा ड्रॉवर किंचित घट्ट जात होता. काकांनी रंधा घेतला, बाजूच्या फळीवरून एकच पातळ कांदापातीसारखी ढलपी काढली, ड्रॉवर परत लावला. हलकेच ढकलला तर आतली हवा हुस्स करून बाहेर आली आणि तो शेवटचं बोटभर अंतर आपोआप आत गेला. मी टाळ्याच वाजवल्या. काका म्हणाले, "बेन, आ लाइन पर नहीं चाले." हे लाइनवर, म्हणजे जिथे एकसारखे नग ओळीने बनतात तिथे, चालायचं नाही. मी ते कानाआड केलं. गिऱ्हाइकाने नेमकी त्या ड्रॉवरची तारीफ करून ३०० नगांची ऑर्डर दिली. लाइनवर प्रत्येक ड्रॉवरला रंधा मारायला ना काका होते ना वेळ. निम्मे घट्ट, निम्मे सैल, आणि तपासणीला आलेला माणूस आमचाच नमुना शेजारी ठेवून दाखवत होता.

म्हणून नमुना बनवताना तिथल्या वहीत हाताने काय काय केलं ते लिहायला शिका. कुठे रंधा मारला, कुठे लांबी (पुट्टी) भरली, कुठे पटाशीने कोपरा साफ केला. त्यातली प्रत्येक नोंद हा लाइनसाठीचा प्रश्न असतो: हे मशिनवर होईल का, जिग (तुकडा दर वेळी त्याच जागी धरणारा साचा) लागेल का, की डिझाईनच बदलायचं? काकांच्या ड्रॉवरला नंतर दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर मोकळीक आणि आत मेणाची पट्टी दिली. हवेचा तो हुस्स गेला याचं मला आजही वाईट वाटतं, पण पुढचे सगळे नग सारखे निघाले.

मापांचं एक उदाहरण देते, कारण डिझाईन शिकलेल्या मुलांना हे कॉलेजात कुणी सांगत नाही. टेबलाचा पाय ५० मिलिमीटर चौरस काढणं सोपं असतं. पण दोन इंची कापीव लाकूड सुकून, रंधून सरळ होईपर्यंत ४४-४५ वर येतं. ५० हवं म्हणजे अडीच इंची माल उचलावा लागतो आणि उरलेलं सगळं भुशात जातं. तयार पाय ४० बाय ४० बाय ७०० चा असेल आणि कच्चा तुकडा ४५ बाय ४५ बाय ७२५ चा, तरी २४ टक्के लाकूड तुम्ही झाडून टाकलेलं असतं, तेही गाठी आणि चिरा वगळण्याआधीच. सागाचा घनफुटाचा भाव पाहिलात की पायाची जाडी सहा मिलिमीटरने कमी करा असं डिझायनरला सांगायला तुम्ही लाजणार नाही.

टप्पे कारखान्यागणिक थोडे बदलतात. आधी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) किंवा जंगली, म्हणजे स्वस्तातल्या लाकडाचा मॉक-अप, तो फक्त उंची आणि बांधा बघायला. खुर्ची असेल तर त्यावर बसून पाहायचं, निरनिराळ्या उंचीच्या माणसांना बसवायचं. मग खऱ्या लाकडात प्रोटोटाइप, त्यात सांधे तपासतात. मग गिऱ्हाइकासाठी सॅम्पल, आणि शेवटी पीपी, म्हणजे प्री-प्रॉडक्शन सॅम्पल. हे शेवटचं लाइनवरच्याच मशिनवर, लाइनवरच्याच माणसांकडून करून घ्यायचं. माझा आग्रह असतो की त्याला काकांसारख्या माणसाने हात लावू नये.

पॉलिशमध्ये गिऱ्हाइकाला एकच रंगाची पट्टी कधी देऊ नका. तीन द्या: याहून फिका नको, याहून गडद नको, आणि मधला. ताजा कापलेला साग हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि उजेडात हळूहळू सोनेरी होतो. कपाटात गुंडाळून ठेवलेला नमुना आणि खिडकीपाशी ठेवलेला नमुना सहा महिन्यांनी सख्खे भाऊ वाटत नाहीत, आणि भांडण तिथेच सुरू होतं. पॉलिश म्हणजे काय हे मुळापासून बघायचं असेल तर एखाद्या रविवारी डभोईमार्गे संखेड्याला जाऊन या. लेथवर फिरणाऱ्या सागाच्या पायावर लाख टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, आणि केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवतात. त्या चमकेचं ड्रॉइंग कुणी काढून दाखवावं.

पॅकिंगचाही नमुना असतो. खोका भरून तो खरोखर खाली पाडतात: एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि सहाही बाजू, असे दहा वेळा. पहिल्यांदा बघताना जीव वर येतो.

एक विनंती. मास्कशिवाय सँडिंगजवळ उभ्या राहू नका. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेली आहे. जुने मिस्त्री हसतील, हसू द्या. आणि टेबल सॉवर तुकडा ढकलायला कायम लाकडी काठी वापरा, बोटं नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा नापास झालेले नमुने कुठे ठेवता ते विचारा आणि ते बघायला मागा. त्यांच्यावर तारीख आणि नापास होण्याचं कारण लिहिलेलं असेल तर पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा. ते सगळे जळणात टाकतो असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. आमच्याकडे ते चिरलेलं सेंटर टेबल अजून आहे, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी त्याच्यापाशीच घेऊन जाते.