‘ते सगळे पुन्हा सांगितले, तर त्रास वाढणार नाही ना?’

“मॅडम, त्या रात्रीचे पुन्हा सांगायला लावणार असाल, तर मी येत नाही.” अपघातातून, हल्ल्यातून किंवा पुरातून वाचलेल्या माणसांकडून ही अट मी नेहमी ऐकते, जुने उकरून काढले तर माणूस आणखी खचेल, असे घरच्यांनाही वाटत असते. एका गृहस्थांचा अनुभव त्यासाठीच सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

23 सप्टेंबर 2023 रोजी नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा हे गृहस्थ तळमजल्यावरच्या घरात होते आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली त्यांची आई मागच्या खोलीत होती. दोघेही वाचले. पुढच्या पावसाळ्यात ते माझ्याकडे आले, तेव्हा तक्रार ‘झोप लागत नाही’ एवढीच होती. विचारत गेल्यावर कळले, की पावसाची सर आली की ते दाराशी जाऊन उभे राहतात, तलावाजवळचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने कामावर जातात, चढते पाणी त्यांना भरदिवसा दिसते आणि आईच्या खोलीत त्यांना बसवत नाही.

नकोशी दृश्ये, टाळाटाळ, स्वतःला दोष देणे आणि सततची सावधता ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून कामात व नात्यांत अडथळा आणू लागली, की पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचा, विचार करावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांतली घालमेल बहुतेकांची आपोआप ओसरते. म्हणूनच घटनेच्या दुसऱ्या दिवशी कुणाला बळेच बोलते करण्याच्या मी विरोधात आहे. यांना मात्र जवळजवळ वर्ष होत आले होते. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून निदान पक्के केले आणि सर्ट्रालीन हे औषध सुरू केले.

सांगायचे किती आणि थांबायचे कुठे, हे त्यांच्याच हाती राहील, असे ठरल्यावर ते बोलू लागले. आरंभीच्या भेटींत मजकूर एकच असे: “आई हाका मारत होती आणि मी आधी मीटरकडे गेलो.” एका भेटीत मी त्यांना ती रात्र डोळे मिटून, वर्तमानकाळात, क्रमाने सांगायला लावली.

“मीटरकडे काय करता आहात?”

“मेन स्विच पाडतो आहे.”

“कशासाठी?”

“पाणी बोर्डापर्यंत चढले आहे, करंट उतरेल...” ते थांबले, आणि बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाले, “म्हणजे मी आईसाठीच गेलो होतो, मॅडम!”

हे वाक्य मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवू शकले असते, पण माझ्या तोंडून ते निव्वळ सांत्वन ठरले असते. माझे मत असे, की आघाताची आठवण टाळत राहिल्याने तिचा सर्वांत भयंकर तुकडाच तेवढा उरतो आणि माणूस त्यावरून स्वतःला दोषी ठरवून मोकळा होतो. सगळा क्रम सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगितला, की तो निवाडा टिकत नाही. शिथिलीकरण, मन रमवणे हे उपयोगाचे खरे, पण मुख्य उपचार ते नव्हेत.

त्या भेटीनंतर दोन रात्री त्यांची झोप अधिकच बिघडली, हे लपवण्यात अर्थ नाही. अशी वाढ तात्पुरती असते, तिची कल्पना आधीच द्यावी लागते. पुढे पत्नीला सोबत घेऊन ते तलावाच्या रस्त्याने जाऊ लागले, नंतर एकटे, आणि शेवटी भर पावसात.

हे काम घरच्यांनी प्रश्न विचारून करायचे नाही. ‘विसरून जा’ म्हणणे थांबवले आणि झोपेच्या गोळ्या परस्पर आणून दिल्या नाहीत, तरी त्यांचा वाटा पुरेसा आहे. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात तपासणी होते. तिथवर जाण्याचा धीर होत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.