भटक्या प्राण्यांच्या उपचारासाठी मदतीचं आवाहन कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय की, सहा-सात जण मिळून जखमी कुत्र्यामांजरांवर उपचार करता, व्हॉट्सॲपवर आवाहन टाकता, पण लोक हात जोडल्याचा इमोजी टाकून पुढे जातात. आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं. ‘दानशूर व्यक्तींनी सढळ हस्ते मदत करावी, फूल ना फुलाची पाकळी’ असं मीच लिहायचो. ते वाचून कुणाचाही हात खिशाकडे जात नाही, कारण नेमके किती पैसे हवेत आणि कशाला, हेच त्यात नसतं.

आमचं गाडं ज्या मेसेजनंतर रुळावर आलं, तो साधारण असा होता:

‘ही शेंगा. मार्केट यार्डाच्या मागच्या गेटपाशी, शेंगांच्या पोत्यांवर झोपते. पिल्लू असताना कुणीतरी गळ्यात सुतळी बांधली. शेंगा वाढली, सुतळी तेवढीच राहिली. काल कापून काढली तेव्हा खाली बोट जाईल एवढी जखम होती, अळ्या पडल्या होत्या. अळ्या काढून झाल्यात. आता दहा दिवस रोज ड्रेसिंग, इंजेक्शन आणि दवाखान्यात ठेवायचा खर्च मिळून ४,८०० रुपये. म्हणजे दिवसाला ४८०. तिचा एक दिवस तुम्ही घ्याल का?’

खाली दहा दिवसांची यादी. ज्याने दिवस घेतला, त्याचं नाव त्या दिवसापुढे. संध्याकाळपर्यंत सहा दिवस गेले, एक तर तिथल्याच हमालांनी वर्गणी काढून घेतला. ‘४,८०० हवेत’ एवढंच लिहिलं असतं, तर शंभर रुपये देणाऱ्याला आपले शंभर फार थोडे वाटले असते आणि त्याने तेही दिले नसते.

फोटो जखमेचा नको. अळ्यांचा फोटो दिसला की माणूस आधी अंगठ्याने वर सरकवतो. प्राणी कॅमेऱ्याकडे बघतोय असा एक फोटो पुरतो. डॉक्टरांच्या बिलाचा फोटो मात्र हवाच, त्याला लाजू नका. आणि ‘माणुसकी मेली का?’ असलं काही लिहू नका. ज्याच्याकडे मागायचं त्यालाच झापायचं, हे आपल्या लोकांना कसं सुचतं कोण जाणे!

खरी मेहनत पैसे आल्यानंतरची आहे. रक्कम पुरी झाली की लगेच ‘झाले, आता पाठवू नका’ असं लिहा. जास्तीचे आले तर ते कुठे वापरले तेही लिहा. प्राणी गेला तर तेही. पार्व्हो (कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा जीवघेणा आजार) झालेलं एक पिल्लू गेलं तेव्हा आम्ही चार दिवस गप्प बसलो, कुणालाच सांगायचा धीर झाला नाही. पाचव्या दिवशी एका आजींनी विचारलं, ‘अहो, आपलं बाळ जेवतंय का?’ त्या आजींनी दोनशे रुपये दिले होते. त्यांना उत्तर देताना जी शरम वाटली, ती अजून आठवते.

सोसायटीत पैसे मागताना नसबंदी आणि रेबीजच्या लसीवर बोला. कुत्र्यांचा राग असलेली माणसंही त्यासाठी देतात. फक्त ‘कुत्रं कायमचं घेऊन जाऊ’ असं कबूल करून बसू नका. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे सोसायटीतलं कुत्रं नसबंदीनंतर होतं तिथेच आणून सोडावं लागतं. मग भांडण तुमच्याच दारात येतं.

कायद्याचं थोडं. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, नोंदणी नसेल तर आवाहनात ‘करसवलत’ हा शब्दही नको. नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती कुणालाच नाही. अमेरिकेतली मावशी पैसे पाठवते म्हणाली तर तिचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी ठरतो, एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.

आणि हो, आवाहन शक्यतो पगार झाल्या झाल्या टाका. पंचवीस तारखेनंतर आमच्या ग्रुपवर फक्त आशीर्वाद येतात.