न्यूग्रेंज लिहायचं की ब्रू ना बोन्या?

आयर्लंडमधल्या प्राचीन स्थळांची नावं मराठीत लिहिताना, आयरिश नाव मूळचं म्हणून तेच बरोबर, असा सरसकट नियम करू नका. आधी त्या नावात नेमकं काय येतं ते तपासा. आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीच्या वळणावर न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन मोठी दफनस्थळं आहेत. ब्रू ना बोन्या हे आज त्या सगळ्या परिसराचं नाव आहे. 1993 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो हा परिसर. म्हणून हिवाळ्यातल्या सूर्योदयाचा किरण ज्या गाभाऱ्यात पोचतो, ती इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराची वास्तू म्हणायची असेल तर न्यूग्रेंजच लिहा. तिथे ब्रू ना बोन्या लिहिलंत तर वाचकाला नक्की कोणती वास्तू ते कळणारच नाही. ही गल्लत फार होते आणि मला ती मनापासून खटकते.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या अॅरन बेटांवरच्या डून एंगसा या प्राचीन किल्ल्याचं वेगळं. तिथे लोक आजही आयरिश बोलतात, आणि अशा भागांतल्या गावांच्या फक्त आयरिश नावांनाच 2004 च्या सरकारी आदेशाने कायदेशीर मान्यता दिली. त्यामुळे मी तरी डून एंगसा हेच रूप वापरीन, डन एंगस हे इंग्रजी वळणाचं नाही. टारा या प्राचीन राजांच्या टेकडीला मात्र टाराच म्हणा, तॅवर हे आयरिश नाव एकदा कंसात द्या.

उच्चार स्पेलिंगवरून ठरवू नका. लॉगॅनिम (logainm.ie) या सरकारी स्थलनामकोशात बऱ्याच नावांचे उच्चार ऐकायला मिळतात. ऐका, मगच देवनागरीत उतरवा.