खाडीकाठच्या जुन्या इमारतीचे कॉलम भूकंपासाठी जॅकेटिंग करून मजबूत होतील का?

रत्नागिरीजवळ खाडीकाठी तीन मजली इमारत, खाली पार्किंग, ९ × १२ इंची कॉलम, तळाशी सुटलेलं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि ‘चार इंच जॅकेट मारून देतो’ म्हणणारा ठेकेदार. जॅकेट म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळया बांधून ओतलेला नव्या काँक्रीटचा थर. जॅकेट चालेल, पण जमिनीपासून स्लॅबच्या खालपर्यंतच केलं, तर भूकंपात त्याचा फारसा उपयोग नाही.

आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत रत्नागिरी झोन ४ या जास्त धोक्याच्या क्षेत्रात आहे, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप घाटापलीकडेच झाला होता. त्यामुळे खर्च वायफळ नाही.

आधी गंज बघा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन (चाचणीचं द्रावण) मारल्यावर गुलाबी रंग आला, म्हणजे काँक्रीट अजून अल्कधर्मी निघालं, तरी निर्धास्त होऊ नका. त्यातून सळई गंजवणारं मिठातलं क्लोराइड कळत नाही. त्यासाठी सळईच्या खोलीवरची भुकटी प्रयोगशाळेत द्या. खारं काँक्रीट तसंच ठेवून वरून जॅकेट किंवा फायबरचं रॅपिंग केलं, तर आत गंज चालूच राहतो. सुटं काँक्रीट सळईच्या मागे २० मिमीपर्यंत काढावं लागतं. त्याआधी बीमखाली जॅक लावा, आणि शेजारचे दोन कॉलम एकाच वेळी फोडू देऊ नका.

भूकंपात कॉलम बहुतेक वेळा रिंगांपायी, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांपायी, जातो. जुन्या कामात रिंगा लांब लांब आणि हूक ९० अंशांचे. हादऱ्यात ते उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आयएस १५९८८ या जुन्या इमारती मजबूत करण्याच्या मानकाप्रमाणे जादा उभं लोखंड लागत नसलं, तरी चार कोपऱ्यांत किमान १२ मिमीच्या सळया आणि १०० मिमीवर ८ मिमीच्या रिंगा हव्यात, हूक १३५ अंशांचे. मधे जुना कॉलम असल्याने अखंड रिंग बसत नाही, दोन तुकड्यांत करावी लागते. अशा वेळी कामगार हूक अर्धवट वाकवतात; सेंट्रिंग लावण्याआधी स्वतः तपासा.

उभ्या सळया खाली फुटिंगमध्ये (कॉलमच्या पायात) रुतायला हव्यात आणि वर स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात जायला हव्यात. ठेकेदार नेमकं हेच टाळतो, कारण त्यासाठी जमीन खणावी लागते आणि वरच्या घरातली फरशी फोडावी लागते.

१०० मिमीच्या जागेत १० मिमीपेक्षा मोठी खडी अडकते आणि हनीकोंब होतं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात. किनाऱ्यावर काँक्रीटचा दर्जा एम ३० पेक्षा कमी नको, कव्हर ४५ मिमी. तीन मीटरच्या कॉलमला सुमारे ०.४४ घनमीटर काँक्रीट लागेल. बीमखाली शेवटी फट राहते, ती आकसत नाही अशा ग्राउटने (पातळ सिमेंट-मिश्रणाने) भरा. क्युरिंगला खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी नको.

आता हिशेबाची बाब. २३० × ३०० चा कॉलम ४३० × ५०० झाला, की त्याचा ताठरपणा, निव्वळ मापांवरून, दिशेनुसार साडेआठ ते अकरा पट होतो. जो ताठ, तो भूकंपाचा जोर जास्त ओढतो. म्हणून फक्त ‘खराब दिसणारे’ दोन कॉलम एका बाजूला जाड केले, तर इमारत पिळवटते. कुठले कॉलम घ्यायचे आणि फुटिंग पुरेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. ठेकेदाराच्या नजरेवर सोडू नका. पार्किंगमध्ये चिऱ्याच्या अर्ध्या उंचीच्या भिंती कॉलमला घट्ट भिडवल्या असतील, तर त्याही इंजिनिअरला दाखवा. भिंतीच्या वर उरलेल्या आखूड भागातच तिरके तडे जातात.

आणि सोसायटीच्या सभेत आधीच सांगून ठेवा: दोन कॉलमांमधली गाडीची जागा आठ इंचांनी कमी होणार आहे.